दे इकडे!

दिवाळीनंतरच्या एका रविवारी भाचा लॅपटॉप काखोटीला मारून आला. तो आणि त्याचे मित्र कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून गेम बनवतात, एवढं आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. नेमकं काय करतात हे फारसं कुणाला नाही. गेम पाण्याचा आहे. डोंगरात झरा, खाली वाडी, आणि मधल्या उतारावर चर खणत, दगड लावत, माती लोटत तो झरा वाडीपर्यंत आणायचा. आमच्या आजोळी शिपण्यासाठी पाट काढायचे, त्यावरून त्याला सुचलेला. मारामारी नाही, राक्षस नाहीत, फार तर पाणी भलतीकडे फुटून एखाद्याचा गोठा वाहून जातो. त्याचा ट्रेलर तयार झाला होता आणि मी मालिकांचे प्रोमो कापून पोट भरते म्हणून, "मावशी, तू एकदा बघ." बघितला. देखणा होता. धुक्यातून तरंगत जाणारा कॅमेरा, बासरी, कौलांवर पडलेली उन्हाची तिरीप, मधेच पांढऱ्या अक्षरांत 'एक प्रवास'. शेजारचा अकरा वर्षांचा मुलगा आमच्याकडेच पडीक असतो, तोही सोफ्याच्या पाठीवरून वाकून बघत होता. संपल्यावर "भारी आहे" म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेला. मग भाच्याने मला दुसरंच काहीतरी दाखवायला एक कच्चं रेकॉर्डिंग उघडलं. कर्सर इकडून तिकडे धावतोय, कोपऱ्यात हिरवे आकडे लुकलुकताहेत, आवाज नाही. खणणाऱ्याने चराची उजवी कड फार खाली आणली होती आणि वरून पाण्याचा लोंढा येत होता. मुलाने मान वर केली. "अरे फुटणार तिकडून! दगड टाक! टाक ना!" आणि सोफ्यावरून उतरून थेट लॅपटॉपवर हात. "दे इकडे."

एकाच गेमची दोन चित्रं. एकाला 'भारी आहे', दुसऱ्याला 'दे इकडे'.

भाचा हसला, मीही हसले, चहा झाला, तो निघून गेला. पण ते डोक्यात राहिलं. माझा धंदाच असा आहे की कच्च्या चित्रीकरणातून जे निवडून, पुसून, उजळून काढायचं, ते कच्च्यापेक्षा परिणामकारक असायलाच हवं. नाहीतर मला पैसे कशाचे देतात? इथे तर निवडलेलं, रंग लावलेलं, संगीतात बसवलेलं चित्र त्या मुलाने पावती देऊन बाजूला सारलं, आणि कर्सरचं घाणेरडं रेकॉर्डिंग बघून त्याचे हात शिवशिवले. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलेला माणूस समोर गाय आली की आपल्याच पायाखाली ब्रेक दाबतो, तसं काहीतरी त्याला झालं होतं. ट्रेलर बघताना तो नुसता खिडकीतून बाहेर बघत होता.

माझं गेमशी नातं तसं मागे उभं राहून बघण्याचं. डोंबिवलीत स्टेशनच्या बाजूला एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. बाहेर मळका पडदा, आत उदबत्ती, घाम आणि तापलेल्या मशीनचा एकत्र वास. मुलींनी तिथे जायचं नसायचं. मी दादाची शेपूट म्हणून जायचे आणि त्याच्या कोपराच्या वरून बघायचे. त्या वेळी सगळ्या पोरांचा जीव 'मुस्तफा'वर. कॅपकॉमच्या १९९३ सालच्या 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'मधल्या चौघांपैकी एकाचं ते नाव, पण आपल्याकडे अख्ख्या गेमलाच ते चिकटलं, आणि खरं नाव मला नोकरीला लागल्यावर कळलं. नाणं संपलं की दादा बाकीच्यांची खेळी बघत उभा राहायचा, आणि कुणीच खेळत नसेल तेव्हा मशीन आपलं आपण खेळायचं. थोडी गोष्ट, थोडी मारामारी, मग सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांची यादी, पुन्हा थोडी मारामारी, आणि वर सारखं उघडझाप करणारं 'इन्सर्ट कॉइन'. त्याला अ‍ॅट्रॅक्ट मोड म्हणतात. गेमच्या ट्रेलरचा पणजोबा तोच. त्यात ना बासरी ना धुकं, कॅमेरा जिथे खेळताना असतो तिथेच. आणि ज्यांच्या खिशात दमडी नाही अशी चिल्लीपिल्ली पोरं त्या वेळी मशीनला चिकटून काठी हलवत, बटणं बडवत, आपणच खेळतोय असं दाखवायची. मशीन उजवीकडे वळलं की यांची काठी उजवीकडे. मालक हाकलायचा. दोन मिनिटांत परत हजर.

त्या पोरांना कुणी गोष्ट सांगितलेली नव्हती. त्यांना पडद्यावर हातांसाठी काम दिसत होतं.

आमच्या प्रोमोत नेमकं उलटं असतं. सून दारात, सासू जिन्यात, हातातून ताट निसटतं, तिघांचे चेहरे, वीज कडाडते आणि काळा पडदा. बघणाऱ्याच्या मनात 'पुढे काय?' एवढंच उरलं पाहिजे. उत्तर यायच्या आत कापायचं, याचेच पैसे. इतकी वर्षं हे केल्यावर बोटं आपोआप तिथे कापतात. पण पाण्याच्या गेममध्ये पुढे काय होणार हे लेखक ठरवत नाही, खेळणारा ठरवतो. त्यामुळे 'पुढे काय' म्हणून टांगून ठेवलं तर तो म्हणतो, ते मीच सांगेन की, पण फावडं कुठाय? चित्रपटाच्या ट्रेलरला बघणाऱ्याची उत्सुकता पुरते. गेमच्या ट्रेलरला त्याचा हात लागतो. बघणाऱ्याला समोरची अडचण दिसली पाहिजे, हातात काय साधन आहे ते दिसलं पाहिजे, आणि 'हा मूर्ख चुकतोय, मी असतो तर…' असं वाटायला श्वासभर वेळ मिळाला पाहिजे. तो श्वासभर वेळच आम्ही पहिल्यांदा कापून टाकतो. आमच्या भाषेत ती 'डेड स्पेस'.

मग मी गाजलेले ट्रेलर बघायला बसले. रात्री, कामं संपल्यावर, एकामागून एक. 'डेड आयलंड'चा २०११ च्या फेब्रुवारीतला ट्रेलर पुन्हा बघितला आणि पुन्हा पोटात कालवलं. सुट्टीला आलेलं एक कुटुंब, हॉटेलच्या हिरवळीवर पडलेली लहान मुलगी, आणि तिथून काळ उलटा फिरतो. ती हिरवळीवरून उठत खिडकीत परत जाते, काचा जुळतात, आणि त्या उलट्या धाग्यात सुलट धावणारे तुकडे असे गुंफलेत की कुठला धागा कुठे भेटणार याची धडधड लागते. ग्लासगोच्या अ‍ॅक्सिस अ‍ॅनिमेशनचं काम, जाइल्स लँबचा पियानो. कानच्या जाहिरात महोत्सवात त्या वर्षी सुवर्ण मिळालं. एडिटर म्हणून मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. पण तो बघून तुम्हाला खेळावंसं वाटत नाही. त्या बापाच्या जागी जावंसं तर मुळीच वाटत नाही. सप्टेंबरात गेम आला तो झोंबी बडवण्याचा, वल्ही आणि पाइप घेऊन. वाईट नव्हता, खपलाही. पण ट्रेलरातलं दुःख त्यात शोधायला गेलेली माणसं रिकाम्या हाताने परतली. 'हेलो ३'ची २००७ ची जाहिरातही तशीच. हाताने घडवलेल्या रणभूमीच्या प्रतिकृतीवरून कॅमेरा हळूहळू सरकतो, शेकडो बाहुल्या गोठलेल्या, मागे शोपँचा पियानो. स्मारकासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. आणि त्याच्या आदल्या वर्षीची 'गिअर्स ऑफ वॉर'ची जाहिरात, जोसेफ कोसिन्स्कीची: चेनसॉ लावलेल्या बंदुकांचा गेम आणि वर उदास, कुजबुजतं गाणं. तीही सुरेख. फक्त त्यानंतर किती जणांनी ती वाट मळवली म्हणता! जुनं गाणं घ्यायचं, एका मुलीकडून रडवेल्या आवाजात निम्म्या लयीत गाऊन घ्यायचं, वर तो 'भ्वाँऽऽ' असा भोंगा. भाच्याच्या ट्रेलरातली बासरी याच घराण्यातली दूरची नात.

दुसऱ्या टोकाला तर सरळ वाद झालेत. २००५ साली सोनीने 'किलझोन'चा पुढचा भाग म्हणून जे दाखवलं ते आधी बनवून ठेवलेलं अ‍ॅनिमेशन होतं, हेही त्याच ग्लासगोच्या स्टुडिओचं, आणि मशीन खरोखर हे चालवतं की नाही यावर माणसं चार वर्षं, म्हणजे गेम हातात येईपर्यंत, भांडत होती. 'एलियन्स: कलोनियल मरीन्स'चं प्रकरण २०१३ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकांपर्यंत गेलं आणि ट्रेलरातलं चित्र अंतिम गेमशी तंतोतंत जुळत नाही अशी ओळ टाकायचं सेगाला मान्य करावं लागलं. लोक या सगळ्याकडे फसवणूक म्हणून बघतात. असेलही. माझं लक्ष मात्र कॅमेऱ्यावर गेलं. खोटं बहुतेक वेळा चित्राच्या सफाईत पकडलं जातं, पण त्याआधी कॅमेऱ्यात दिसत असतं. जिथे खेळणारा कधीच उभा राहू शकणार नाही तिथून दाखवलेलं दृश्य, मग ते त्याच गेममधलं अगदी खरंखुरं असलं तरी, त्याच्यासाठी परक्याचंच.

कारण गेममध्ये कॅमेरा म्हणजे खेळणाऱ्याची मान. उजव्या अंगठ्याखालची काठी फिरवली की जग फिरतं. तिसऱ्या मितीत गेम नुकते येत होते तेव्हा निन्तेंदोने यावर फार गोड तोडगा काढला होता. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४'मध्ये कॅमेरा धरणारा एक प्राणीच आहे, लाकितू नावाचा. ढगावर बसतो आणि गळाच्या काठीला कॅमेरा टांगून मारिओच्या मागे मागे हिंडतो. महालात एक आरशाची खोली आहे. तिथे गेलात की आरशात मारिओ दिसतो, आणि त्याच्या मागे तरंगणारा हा कॅमेरामनही दिसतो. म्हणजे हे सगळं दाखवतंय कोण, कुठून, त्याला जागा आहे का, वजन आहे का, याचा हिशेब त्या मंडळींनी ठेवला होता. भाच्याच्या ट्रेलरातल्या कॅमेऱ्याला वजनच नव्हतं. डोंगराच्या पोटातून घुसून पलीकडे निघायचा, फांद्यांना न हलवता झाडातून जायचा, सुरू होताना झटक्यात सुरू आणि थांबताना भिंतीला आदळल्यासारखा थांबायचा. आता मालिकेच्या सेटवरचा आमचा ट्रॉली ढकलणारा दादासुद्धा सुरुवातीला जरा रेटतो आणि शेवटी जरा सोडतो. ते डोळ्यांना माहीत असतं.

आरशातल्या त्या ढगवाल्यासाठी तरी मी भाच्याला फोन केला. "पुन्हा शूट करूया," म्हटलं. तो म्हणाला, "मावशी, शूट नाही म्हणत, कॅप्चर म्हणतात." म्हटलं, बरं बाबा, कॅप्चर.

कोथरूडच्या त्या फ्लॅटवर मी गेले तेव्हा स्वयंपाकघरात सर्व्हर होता आणि हॉलमध्ये मॅगीचा वास. पहिला धडा मलाच मिळाला: उत्तम खेळणारा माणूस कॅमेऱ्यासमोर अत्यंत वाईट. भाचा हा गेम झोपेत खेळू शकतो, आणि म्हणून त्याचं रेकॉर्डिंग बघवत नाही. नजर सतत भिरभिरते, एक खणताना पुढच्याकडे बघतो, चालायच्या ऐवजी उड्या मारत जातो, काम नसेल तेव्हा सवयीने माउस गरगर फिरवतो. खेळताना ते कळत नाही, कारण मान स्वतःची असते. दुसऱ्याच्या मानेवर बसून बघताना मळमळतं. आभासी वास्तवाच्या चष्म्यातल्या गेमना हाच त्रास दसपट होतो. चष्मा घातलेल्याच्या डोक्याची प्रत्येक थरथर चित्रात उतरते, आणि बघणाऱ्याला कळत नाही की नेमकं कुठे बघायचं. कॅनडातल्या कर्ट गार्टनरने २०१६ च्या सुमारास त्यावर वेगळी वाट काढली. खेळणाऱ्या माणसालाच गेमच्या जगात उभा केलेला दाखवायचा आणि कॅमेरा बाहेरून, दुसऱ्याच्या हातात. 'फँटॅस्टिक काँट्रॅप्शन'चा त्याचा ट्रेलर बघा. खेळणारं माणूस नळ्या जोडून यंत्र बनवतंय हे एका नजरेत कळतं. 'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स'च्या २०१९ च्या ट्रेलरात दुसराच उपाय आहे. तिथे नजर आत, स्वतःचीच, पण समोर सतत हात. हात फळीवरच्या वस्तू बाजूला सारतात, हात लांबची वस्तू खेचून झेलतात. गोळीबारापेक्षा मला ते फळीवरचं चाचपडणं आठवतं.

तर आम्ही माउस काढून घेतला. साधा कंट्रोलर, त्याच्या काठीची संवेदनशीलता बरीच खाली. त्यामुळे वळण सावकाश येतं, आणि आधी-नंतर क्षणभर स्थिर उभं राहायचं ठरवलं, म्हणजे मला कापायला जागा. खेळायला बसवलं त्यांच्या टीममधल्या त्या मुलीला, जी झाडं रंगवते आणि गेममध्ये कच्ची आहे. ती वळणावर थांबून पाण्याकडे बघायची, मग चराकडे, मग दगडाकडे, आणि मगच दगड उचलायची. तिची नजर बघूनच पुढचा बेत कळायचा. मी म्हटलं, ही नटी आहे. एका प्रसंगात तिला दगड चुकीच्या जागी ठेवायला सांगितलं, पाणी कडेवरून उसळू लागेपर्यंत तसंच राहू दे म्हटलं, आणि मग घाईने माती लोटायची. भाचा कळवळला. "अगं, आपणच आपला प्लेअर ढ दाखवायचा?" अर्थात. मशीनमागे उभ्या पोरांना हुशार खेळाडू दिसला की ती गप्प बघतात. चुकणारा दिसला की पुढे होतात.

हॉलिवूडचा एडिटर वॉल्टर मर्च याने कट कुठे करावा याच्या कसोट्या उतरत्या क्रमाने लावल्यात आणि त्यांना चक्क टक्के दिलेत. भावना ५१, कथा २३, लय १०, बघणाऱ्याची नजर पडद्यावर कुठे आहे त्याला ७, आणि उरलेलं चित्राच्या पातळीला आणि अवकाशाला. ते आकडे त्याने गंमतीत दिलेत की गंभीरपणे यावर आमच्याकडे एडिटर लोक चहावर भांडतात. पण गेम कापताना त्या सात टक्क्यांचं मोल माझ्या लेखी वधारलं. चित्रपटात चेहरा असतो. चेहऱ्यावरून चेहऱ्यावर नजर आपोआप जाते. इथे चेहराच नाही. पाणी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून बाहेर गेलं आणि पुढच्या शॉटमध्ये ते डाव्या वरच्या टोकाला उगवलं, तर बघणारा अर्धा सेकंद त्याला हुडकत बसतो, आणि ट्रेलरात अर्धा सेकंद म्हणजे फार झाला. म्हणून आम्ही धरून चाललो की पाणी कायम डावीकडून उजवीकडे आणि खाली. एक शॉट जिथे पाणी सोडतो तिथेच पुढच्याने ते उचलायचं. त्या नादात दोन फार सुंदर शॉट गेले. उलट्या दिशेचे होते. आरशात फिरवून वापरता आले असते, पण वाडीतल्या देवळाचा कळस मग चुकीच्या बाजूला आला असता, आणि झाडं रंगवणारीच्या ते ताबडतोब लक्षात आलं.

चित्र अडखळत का होतं याचा शोध वेगळाच लागला. गेम सेकंदाला ६० चित्रं काढतो. कुणीतरी 'सिनेमॅटिक' वाटावं म्हणून एडिटिंगची टाइमलाइन सेकंदाला २४ चित्रांची ठेवली होती. आता ६० ला २४ ने भाग जात नाही, अडीच येतात. म्हणजे कधी दोन चित्रांनंतर एक उचल, कधी तीन चित्रांनंतर, आणि आडवा जाणारा कॅमेरा लंगडत जातो. पाण्यासारखी सलग वाहणारी गोष्ट त्यात पार फाटते. ६० चीच ठेवली तर उत्तम, नाहीतर ३०, एकाआड एक सोडून. एवढ्याशा बदलाने पाणी पाण्यासारखं दिसायला लागलं. दृष्टिक्षेत्राचंही तसंच. खेळताना आजूबाजूचं दिसावं म्हणून कोन रुंद ठेवलेला असतो, आणि रुंद कोनात डोंगर बसके होतात, लांबची वाडी मुंगीएवढी. काही शॉटपुरता कोन आवळला तर डोंगर उभा राहिला, झरा आणि वाडी एकाच चौकटीत जवळ आली, आणि मधलं अंतर कापायचंय हे न सांगता कळलं. मात्र जिथे हातात फावडं आहे तिथे कोन गेमचाच ठेवला. खेळताना जे दिसणार तेच.

आवाजावरून मात्र खरी जुंपली. मूळ ट्रेलरात बासरी सलग आणि बाकी सगळं मुकं. मी खणण्याचा आवाज मागवला. फावडं मातीत गेल्यावरचा 'खच्', दगड दगडावर बसल्यावरचा 'ठक्', पाणी कोरड्या मातीत शिरताना होणारी ती चुरचुर. संगीतात ताल हवा म्हणून भाच्याने एक ढोलकीचा तुकडा आणला आणि मला म्हणाला, प्रत्येक ठेक्यावर कट मार. मालिकांत आम्ही तेच करतो, आणि म्हणून सगळे प्रोमो एकसारखे धावतात. मी कट ठेक्याच्या किंचित आधी घेतला आणि ठेका फावड्याला दिला. खच्. मग दगडाला. ठक्. ताल बघणाऱ्याच्या डोळ्यांत वाजण्याऐवजी खेळणाऱ्याच्या हाताने वाजायला लागला. शेजारचा तो मुलगा, हे मुद्दाम सांगते, पुन्हा बघायला बसवला तेव्हा 'भारी' म्हणाला नाही. "पहिल्या वेळी तिने दगड कुठे ठेवला बघितलंत का काकू, येडीच आहे," म्हणाला. मला एवढं पुरे होतं.

असं सांगितलं की वाटतं, बाईला किल्ली सापडली. तसं नाही. काही गेमना हे सगळं लागतच नाही. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' बघा. २०१७ मध्ये लोकांकडून पैसे जमवायची त्यांची मोहीम अपुरी पडली, तरी गडी टिकून राहिले आणि २०२० मध्ये गेम आधी निन्तेंदो स्विचवर आला. त्यात कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात नाहीच. तो दुरून, वरून, बसवलेल्या चौकटीतून महाल आणि जिने दाखवतो, आणि त्यात ती मुलगी एवढीशी. तिथे ट्रेलरचा कॅमेरा आणि गेमचा कॅमेरा एकच, अर्धी लढाई तिथेच जिंकलेली. आणि 'गॉड ऑफ वॉर' २०१६ साली लॉस एंजेलिसच्या मंचावर, समोर वाद्यवृंद वाजत असताना, एकही कट न घेता दाखवला. बाप आणि मुलगा हरणाच्या मागे, सलग. दोन वर्षांनी आलेला गेमही सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसलग. एडिटरला यात काय काम, असं माझ्यातला कामगार विचारतो. पण ते बघताना माझी बोटंसुद्धा टेबलावर काहीतरी दाबत होती.

धुक्यातला तो तरंगता शॉट शेवटी काय झाला, असं विचाराल. तो उडवायचा म्हटल्यावर त्या मुलीचा चेहरा पडला. त्या दरीतलं एकेक झाड तिने लावलंय, सकाळचा उजेड कितीतरी वेळा बदललाय. आणि प्लेअर कायम चर खणत खाली बघणार, दरीकडे बघायला त्याला सवड कुठे? ट्रेलरात नाही दिसली तर कुठे दिसणार? मला हा मुद्दा खोडता आला नाही. धंद्यात अशी माणसं खूप बघितली, सेट लावणारी, साड्या निवडणारी, ज्यांचं काम मी दोन फ्रेममध्ये संपवते. तो शॉट आम्ही ठेवला, पण पाणी वाडीत पोचल्यावर, म्हणजे खेळणाऱ्याने मान वर केली की दिसेल तिथे, आणि कॅमेरा हवेतून काढून पाटाच्या काठावर, माणसाच्या उंचीवर आणला. दरी तेवढी मोठी दिसत नाही. ती म्हणाली चालेल. 'चालेल'चा सूर मी ओळखते, पण पुढे काही बोलले नाही.

आता अडलंय ते निराळ्याच ठिकाणी. गेममध्ये सगळ्यात सुखाची वेळ कुठली, तर चर खणून झाला, दगड बसले, आता करायचं काही नाही आणि पाणी आपल्या गतीने खाली येतंय, तेव्हाची. हातांना काम नाही. म्हणजे माझा आख्खा सिद्धांत तिथे झोपतो. आजोळी पाट सोडला की आजोबा खोरं टेकून असेच उभे राहायचे. मी तो शॉट अकरा सेकंद ठेवलाय, अखंड, संगीत बंद, फक्त पाणी वळणावळणाने येतंय आणि एका ठिकाणी, जिथे मघाशी दगड चुकला होता, क्षणभर थबकून पुढे जातं. प्रोमोत दोन सेकंदांच्या वर मी काही राहू दिलेलं नाही. भाचा म्हणतो, लोक स्क्रोल करून जातील. जातील थोडे. शिवाय स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या चित्रावर बोट ठेवलं की सहा सेकंदांचा मुका तुकडा फिरतो, त्यात अकरा सेकंद घालणार कसे, हाही त्याचा प्रश्न बरोबर आहे. त्या सहासाठी मी दगड चुकतो तो क्षण घ्या म्हणतेय, पाणी फुटायच्या अलीकडे थांबवून. त्याला पाणी वाडीत शिरतं तो हवाय, कारण सगळे खूश दिसतात. झाडं रंगवणारी अजून कुणाच्या बाजूची ते कळलेलं नाही. शनिवारी पुन्हा कोथरूडला जायचंय, आणि या वेळी मॅगी नको, घरून पोळीभाजी आणते असं सांगून ठेवलंय.